पट्टी हाताने वाकवून काय बघायचं? अंबडच्या एका प्रेस शॉपचं प्रकरण

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते. ठिकठिकाणच्या दिंड्या नाशिक ओलांडून, सातपूरवरून त्र्यंबक रस्त्याला लागतात. थंडी मी म्हणत असते, कानाला मफलर आणि हातात टाळ. सिन्नर तालुक्यातल्या एका गावाच्या दिंडीत मामा वीसेक वर्षं न चुकता चालत आले होते. नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या प्रेस शॉपमध्ये ते डाय सेटर आहेत, म्हणजे पत्रा कापायचे-वाकवायचे साचे (डाय) प्रेसवर बसवून जुळवणारे कारागीर. कारखान्यात लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणतात, म्हणून इथेही मी तेच म्हणणार आहे. बाकी कोणाचंही नाव मी लिहिणार नाही.

त्या वर्षी दिंडी सातपूरच्या जवळ आली आणि त्यांचा फोन वाजला.

"मामा, पितळी टर्मिनलचा बेंड उघडतोय. नव्वदचा ब्याण्णव येतोय. संध्याकाळी गाडी आहे."

"शिम टाक एक."

"टाकली. आता बेंडवर तडा दिसायला लागला."

"कॉइल नवी लावली का?"

"हो, सकाळीच."

"मग पट्टी हाताने वाकवून बघ. कशी लागते?"

पलीकडून उत्तर आलं नाही. टर्मिनल म्हणजे विजेची तार जोडायचा तुकडा, कॉइल म्हणजे पट्टीची गुंडाळी आणि शिम म्हणजे उंची जुळवायला घालायचा पातळ पत्रा; वाकवलेला कोन नव्वद अंशांवर न राहता उघडत होता. पट्टी हाताने वाकवून नेमकं काय बघायचं असतं, हे फोनवरच्या पोराला माहीत नव्हतं. त्याला कोणी ते कधी सांगितलं नव्हतं, आणि सांगायला हवं हे कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

मामांनी टाळ शेजारच्याच्या हातात दिले. वीस मिनिटांत कारखान्याची मोटारसायकल त्यांना घ्यायला आली. अंबडला पोचल्यावर त्यांनी पट्टीचा तुकडा दोन अंगठ्यांत धरून वाकवला, सोडला, पुन्हा वाकवला. "ही कॉइल कडक आलीये," म्हणाले. लॉकर उघडून कापडात गुंडाळलेला दुसरा पंच, म्हणजे पट्टी दाबून वाकवणारा डायचा भाग, काढला. त्याच्या नाकाला किंचित जास्त गोलाई होती. तो लावला, प्रेसची शट हाइट (प्रेस पूर्ण खाली आल्यावर उरणारी उंची) नव्याने बांधली आणि पाऊण तासात पहिला बरोबर नग हातात दिला. असा दुसरा पंच अस्तित्वात आहे हे त्या दिवसापर्यंत मालकांनाही ठाऊक नव्हतं.

गाडी वेळेवर गेली. तोवर दिंडी पुढे निघून गेली होती. मालक म्हणाले, "मामा, कारने सोडतो तुम्हाला थेट त्र्यंबकला." मामा नको म्हणाले. "चालत गेलो तर वारी, गाडीने गेलो तर नुसतं दर्शन." एकादशीला ते कारखान्यात होते.

मला हे सगळं महिन्याभराने कळलं. मालकांनी मला बोलावलं होतं ते रिजेक्शन वाढलंय म्हणून. छोट्या कारखान्यांना गुणवत्तेच्या कामात मदत करणं हा माझा व्यवसाय आहे. वारीची गोष्ट मला मालकांकडून नाही, चहा आणणाऱ्या मुलाकडून समजली. मालकांच्या दृष्टीने तो प्रसंग निभावून नेलेला होता, म्हणून तो अडचणींच्या यादीत नव्हताच. मला मात्र त्यांचा सगळा प्रश्न त्या एका दुपारी दिसत होता.

कारखाना

सहा पॉवर प्रेस, १० टनांपासून ६३ टनांपर्यंत. चाळीसेक डाय. एक सरफेस ग्राइंडर. मालक, त्यांच्या पत्नी आणि मामा धरून १९ माणसं. माल म्हणजे स्विचगिअरसाठी (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या उपकरणांसाठी) लागणारे पितळी आणि तांब्याचे टर्मिनल, पोलादी ब्रॅकेट, क्लिपा. नाशिकमध्ये सातपूर आणि अंबडच्या वसाहतींत विजेची उपकरणं आणि वाहनं बनवणारे मोठे कारखाने आहेत, आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी अशी छोटी शेड गल्लोगल्ली आहेत. मालकांचे वडील सातपूरच्या एका मोठ्या कंपनीत नोकरी करत. ती सोडून त्यांनी भाड्याच्या अर्ध्या शेडमध्ये एक जुनी प्रेस टाकली. मामा तेव्हापासूनचे, या गोष्टीला २६ वर्षं झाली. आताचे मालक इंजिनिअर आहेत. शाळेच्या सुट्टीत ते मामांच्या हाताखाली बर (कापलेल्या कडेला राहणारी धारदार कोर) घासायला बसत, त्यामुळे मामा त्यांना आजही 'दादा' म्हणतात आणि ते मामांना 'अहो मामा'.

१ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या व्याख्येप्रमाणे यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म ठरतो. हा कारखाना त्यातच मोडतो. अशा ठिकाणी मनुष्यबळ विभाग नसतो, प्रशिक्षण विभाग नसतो. जे असतं ते माणसांमध्ये असतं.

शटर ओढल्यावर काय उरतं

बौद्धिक भांडवल हा शब्द मोठ्या कंपन्यांच्या अहवालांतून आला. स्वीडनच्या स्कॅंडिया या विमा कंपनीने १९९१ मध्ये लेइफ एडविन्सन यांना खास याच विषयाचे संचालक म्हणून नेमलं आणि १९९४ च्या वार्षिक अहवालासोबत या भांडवलावर वेगळी पुरवणी काढली. त्या काळातल्या या आणि इतरांच्या कामातून तीन भागांची एक विभागणी रूढ झाली. माणसांच्या डोक्यात आणि हातांत असतं ते मानवी भांडवल. माणसं घरी गेल्यावरही जागेवर उरतं ते रचनेचं भांडवल, म्हणजे ड्रॉइंग, वह्या, ठरलेल्या पद्धती. आणि गिऱ्हाईक, पुरवठादार यांच्याशी बसलेला जम हे संबंधांचं भांडवल.

संध्याकाळी शटर ओढल्यावर आत काय उरतं, असं मी मालकांना विचारलं. त्यांनी प्रेस मोजल्या, डाय मोजले, कपाटातल्या फाइली दाखवल्या. मग म्हणाले, "आणि मामा सायकलवर घरी गेलेले असतात." त्यांना प्रश्न कळला होता.

ताळेबंद बघून तो कळत नाही. त्यात प्रत्येक प्रेस घसारा वजा करून दिसते; मामा कुठेच दिसत नाहीत. लेखा मानक २६ प्रमाणे कुशल कर्मचारी मालमत्ता म्हणून दाखवता येत नाहीत, कारण त्यांच्यावर संस्थेचा पुरेसा ताबा नसतो, आणि शिकवण्यावरचा खर्च त्या त्या वर्षीच खर्ची टाकावा लागतो. नियम बरोबर आहे. माणूस कोणाच्या ताब्यात नसतोच. पण त्यामुळे होतं असं, की नवी प्रेस घेतली तर 'गुंतवणूक केली' असं वाटतं आणि पोराला दोन तास शिकवलं तर 'उत्पादन बुडालं' असं वाटतं. छोट्या मालकाच्या मनात हा हिशेब खोलवर बसलेला असतो, आणि बँकही कर्ज देताना तोच हिशेब वाचते.

अडलं तर कोणाला विचारता?

पहिल्या आठवड्यात मी एकच काम केलं. प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारलं, "काम अडलं तर कोणाला विचारता?" उत्तरं एका मोठ्या कागदावर बाणांनी काढली. बहुतेक बाण मामांकडे जाणार हे उघड होतं आणि तसंच झालं. अनपेक्षित होतं ते दुसरंच. आठ-नऊ बाण तपासणीच्या टेबलावर बसणाऱ्या ताईंकडे गेले.

ताई सिडकोत राहतात, दहावीपर्यंत शिकलेल्या, अकरा वर्षं इथे नग तपासतात. त्यांचा पगार हेल्परच्या श्रेणीत होता. पण बर किती चालेल हे प्रेसवरची पोरं मामांना न विचारता त्यांना विचारत. ड्रॉइंगवर मर्यादा लिहिलेली असते, पण कोणत्या गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर ती मायक्रोमीटरने बघतो आणि कोणाचा नुसतं बोट फिरवून, कोणत्या टर्मिनलला प्लेटिंगनंतर बर जास्त जाणवतो, हे सगळं ताईंना माहीत होतं. त्यांच्या पर्समध्ये शाळेची शंभरपानी वही होती. परत आलेल्या प्रत्येक लॉटची तारीख, नगाचं नाव आणि कारण त्यांनी स्वतःहून लिहून ठेवलं होतं. चार वर्षांची नोंद. मी विचारलं, "हे ऑफिसात कधी दाखवलं का?" त्या म्हणाल्या, "कोणी मागितलं नाही ना."

मी त्या वहीबद्दल एवढं सांगतेय कारण आपण छोट्या उद्योगातलं ज्ञान शोधायला निघालो की थेट सर्वांत जुन्या, सर्वांत तज्ज्ञ पुरुषाकडे जातो. बाण काढले नसते तर मीही तेच केलं असतं. ताईंच्या वहीतून एक गोष्ट पहिल्याच दिवशी निघाली: परत आलेले बरेच लॉट महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातले होते. म्हणजे पंच बोथट झालाय हे दिसत असूनही डिस्पॅचच्या घाईत ग्राइंडिंगला न काढता चालवला गेला तेव्हाचे. मऊ पोलादासाठी पंच आणि डायमध्ये एका बाजूला जाडीच्या साधारण ५ ते १० टक्के फट ठेवतात. ती फट बरोबर असली तरी धार गेली की बर येणारच. हे सगळ्यांना माहीत होतं. प्रेस थांबवायचा अधिकार मात्र मामांशिवाय कोणाला नव्हता, आणि मामा एकाच वेळी सहा ठिकाणी असू शकत नव्हते.

त्याचा माणसांवर काय परिणाम होत होता

मामांना मी त्यांच्या फोनमधली गेल्या महिन्याची कॉल यादी दाखवायला सांगितली. ड्यूटी संपल्यानंतर कारखान्यातून आलेले ४१ फोन होते. त्यांतले नऊ रात्री दहानंतरचे, दुसऱ्या पाळीतून. मामांना रक्तदाबाच्या गोळ्या सुरू होऊन वर्ष झालं होतं. त्यांच्या घरी गेले तेव्हा मामी म्हणाल्या, "फोन वाजला की मीच दचकते आता. हे तर उठून बसतात, चपला शोधतात."

ही झाली ज्याला येतं त्याची अवस्था. ज्यांना येत नाही त्यांची वेगळी होती, आणि माझ्या मते ती जास्त कोंडीची होती. रॉबर्ट कारासेक या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये मांडलेली एक गोष्ट इथे तंतोतंत लागू पडते. कामाचा रेटा जास्त आणि त्या कामावर स्वतःचा ताबा कमी, अशा जागी ताण सर्वाधिक साचतो. नुसता रेटा माणूस सोसतो; आपल्या हातात काही नाही ही जाणीव त्याला पोखरते. प्रेसवरच्या पोरांकडून ताशी ठरावीक नग मागितले जात. नग बिघडू लागले की मामा येईपर्यंत थांबायचं, थांबलं की उत्पादन कमी, कमी झालं की बोलणी. न थांबता चालवलं तर खराब माल, त्याचीही बोलणी.

यातूनच एक प्रसंग घडता घडता टळला. मामा गावी गेलेले असताना एका डायमध्ये पट्टी अडकली. ती सोडवायला एका पोराने गार्ड काढून आत हात घातला. प्रेस बंद केली होती, पण फ्लायव्हील, म्हणजे प्रेसचं जड चाक, अजून फिरत होतं. शेजारच्याने ओरडून त्याला मागे ओढलं. पॉवर प्रेसवर बोटं का जातात याची कारणं लिहिताना आपण गार्ड आणि दोन हातांचं बटण लिहितो, आणि ती लिहायलाच हवीत. पण त्या पोराला पट्टी का अडकते आणि ती हात न घालता कशी सोडवायची हे माहीत नव्हतं, हेही तितकंच खरं कारण होतं.

मालकांचं काय? ते मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात बसून फोनवर शिम किती टाकली हे विचारत होते.

फाइल होती

कारखान्याकडे आयएसओ ९००१ चं प्रमाणपत्र होतं. त्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत ७.१.६ हे कलम खास 'संस्थेच्या ज्ञाना'वर आहे: कामासाठी लागणारं ज्ञान कोणतं हे ठरवा, ते जपा, गरजूंपर्यंत पोचवा. कलम चांगलं आहे. कपाटात त्याची फाइलही होती. तीत एका सल्लागाराने दिलेले छापील तक्ते होते आणि त्यांत 'अनुभवी कर्मचाऱ्यांकडून मार्गदर्शन' असं लिहिलं होतं. खाली मामांची सही होती. मामांनी ती फाइल वाचलेली नव्हती.

वारीच्या प्रसंगानंतर मालकांनी स्वतःच एक प्रयत्न केला होता. मोबाइल स्टॅंडवर लावून मामांच्या सेटिंगचे व्हिडिओ काढले, अकरा तास भरतील एवढे. कोणी ते बघितले नाहीत. मी दोन बघितले. मामांचे हात दिसतात, नट आवळताना दिसतात, पण ते तिथेच का थांबले, प्रेसचा एक ठोका ऐकून मान का हलवली, हे दिसत नाही. तत्त्वज्ञ मायकेल पोलान्यी यांनी ज्याला अव्यक्त ज्ञान म्हटलं ते हेच. माणसाला येतं, पण त्याला विचारलं तर सांगता येत नाही.

मग मी एक रकाने पाडलेला तक्ता करून मामांना दिला. तीन आठवड्यांनी तो कोराच परत आला. "मॅडम, लिहिण्यासारखं काही नाही हो त्यात," एवढंच म्हणाले. मला वाटलं लिहायचा कंटाळा असेल, अक्षराचा संकोच असेल. माझा अंदाज चुकला होता.

मामा काय म्हणाले

हे बोलणं कारखान्यात झालं नाही. गेटबाहेरच्या टपरीवर दुसऱ्या चहाला झालं. मामांनी आधी इकडचं तिकडचं सांगितलं, मग आपल्या पहिल्या नोकरीचं. एका कारखान्यात ते हेल्पर होते. तिथल्या जुन्या सेटरने त्यांना आणि आणखी एका पोराला हाताला धरून सगळं शिकवलं. वर्ष-दीड वर्षात पोरं तयार झाली. मग त्या सेटरला सांगितलं गेलं, आता तुमचं वय झालं, घरी बसा. "त्यांची जागा मला दिली मॅडम. मी घेतली. माझं लग्न व्हायचं होतं. ते बाबा नंतर मला बाजारात भेटायचे, काही बोलायचे नाहीत. दादा तसे नाहीत, मला माहितीये. पण दादांना कारखाना चालवायचाय. माझ्या नावावर शेत नाही, भावाच्या नावावर आहे. माझा सातबारा म्हणजे हे," असं म्हणून त्यांनी कपाळाला बोट लावलं.

त्या दिवशी या प्रकरणाकडे बघण्याची माझी दिशा बदलली. मी तोवर धरून चालले होते, की आधी ज्ञान नीट लिहून काढू, वाटू, आणि मग ताण कमी होईल, माणसं सुखी होतील. लेखांमध्येही बाण याच बाजूने काढलेला असतो: भांडवल वाढतं, त्यातून कामगिरी आणि स्वास्थ्य. इथे बाण उलटा होता. आधी मामांची भीती जायला हवी होती. ज्याच्या पोटात भीती आहे तो माणूस आपलं ज्ञान वाटत नाही, आणि त्याने का वाटावं? दिंडी सोडून यायला लागणं हे त्यांना टोचत होतं, पण आपल्यावाचून कारखाना चालत नाही याचा आधारही त्यांना त्यातच होता.

मामांची परवानगी घेऊन मी हे मालकांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वडील असते तर मामा त्यांच्याशी थेट बोलले असते." त्यांना वाईट वाटलं होतं, आणि ते खरं होतं.

मग काय केलं

पहिलं काम कागदावरचं. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत पाच वर्षं सलग नोकरी झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क असतो. सूत्र असं: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता गुणिले १५ भागिले २६ गुणिले नोकरीची वर्षं. मामांचे मूळ आणि महागाई मिळून २४,००० रुपये, नोकरी २६ वर्षं. हिशेब नेमका ३,६०,००० रुपये येतो. एवढी वर्षं इथे घालवून मामांना हा आकडा कोणी सांगितला नव्हता. लपवलाही नव्हता, नुसता विषय निघाला नव्हता. मालकांच्या पत्नींनी, ज्यांना सगळे वहिनी म्हणतात, तो लेटरहेडवर लिहून सही करून दिला. दुसरं पत्र त्यासोबतच: साठीपर्यंत सेटर म्हणून आणि त्यानंतर तब्येत साथ देईल तोवर शिकवण्यासाठी अर्धा दिवस, ठरलेल्या मानधनावर. मामांनी पत्रं दोनदा वाचली आणि घडी घालून वरच्या खिशात ठेवली.

दुसरं, शिकवण्याचा वेळ पगारी केला. बुधवारी दुपारी दोन तास. त्या दोन तासांत एक प्रेस फक्त शिकण्यासाठी. उत्पादनाच्या फळ्यावर तेवढ्या तासांचं टार्गेटच लिहायचं नाही, असं ठरलं. पहिल्या महिन्यात दोन बुधवार डिस्पॅचने खाल्ले. तिसऱ्या वेळी वहिनींनी मध्ये पडून गिऱ्हाइकाला गाडी उद्या येईल असं कळवलं. काही बिघडलं नाही.

तिसरं, लिहिण्याची पद्धत. अमेरिकेत १९४० मध्ये, युद्धकाळात नवख्या कामगारांना झटपट तयार करण्यासाठी कारखान्यांतर्गत प्रशिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. त्यातल्या काम शिकवण्याच्या तक्त्यात मुळात दोन रकाने होते, मुख्य पायरी आणि तिच्यातली खुबी; पुढे त्याला तिसरा जोडला गेला: तसं का. माझ्या आधीच्या तक्त्यात तिसरा रकाना नव्हता, आणि खरं ज्ञान तर तिथेच होतं. शिवाय आता मामांनी लिहायचं नव्हतं. मामा करणार आणि बोलणार, शिकणारा लिहिणार, मग शिकणारा करणार आणि मामा बघणार.

पितळी टर्मिनलचा तक्ता मी इथे बोलीत देते. पायरी: नवी कॉइल लावण्याआधी पट्टी वाकवून बघणे. खुबी: वीतभर तुकडा, दोन्ही अंगठे मध्यावर, जुन्या कॉइलचा तुकडा दुसऱ्या हाताशी ठेवून दोन्ही आलटून पालटून वाकवायचे, सोडल्यावर कोणता जास्त मागे येतो ते बघायचं. का: कडक पट्टी जास्त मागे येते, म्हणजे बेंड उघडणार, आणि बेंड रोलिंगच्या दिशेला समांतर असेल तर कडक पट्टीला तडा जाणार, तेव्हा नुसती शिम टाकून चालणार नाही, गोल नाकाचा पंच लावायचा. हे लिहिणारा पोरगा सुरगाण्याकडचा, आयटीआय झालेला, दिंडीतल्या मामांना फोन करणारा तोच. त्याने स्वतःहून एक भर घातली: प्रत्येक कॉइलचा एक तुकडा तारीख टाकून खिळ्याला टांगून ठेवायचा. मामा म्हणाले, "हे मला सुचलं नव्हतं." पोरगा दिवसभर हसत होता.

गोल नाकाच्या पंचाला नंबर मिळाला आणि तो लॉकरमधून रॅकवर आला.

ताईंची वही वहिनींनी संगणकावर उतरवली. ताईंना तपासनीसाची श्रेणी मिळाली, आणि बर मर्यादेबाहेर गेला तर प्रेस थांबवायचा अधिकारही. हा अधिकार देताना मालकांचा जीव खालीवर झाला. पहिल्याच महिनाअखेरीला ताईंनी ६३ टनी प्रेस थांबवली. मालक केबिनमधून बाहेर आले, नग बोटाने बघितला आणि आत गेले. ते काही बोलले नाहीत हे माझ्या दृष्टीने त्या वर्षातलं सर्वांत मोठं काम होतं.

काय झालं आणि काय नाही

चाळीसपैकी चौदा डायचे तक्ते झाले. बाकीचे व्हायचेत. जे डाय वर्षातून दोनदाच लागतात त्यांचे बहुधा राहतील, आणि त्यांच्यासाठी मामाच लागतील. प्रेसचा आवाज ऐकून काय कळतं, हे अजून कोणाला लिहिता आलेलं नाही. मामा म्हणतात ते शेजारी उभं राहूनच येतं, आणि मला ते पटतं.

रात्रीचे फोन जवळपास थांबले. दुसऱ्या पाळीत आधी तक्ता बघायचा, मग सुरगाण्याच्या पोराला विचारायचं, त्यालाही जमलं नाही तर डाय उतरवून दुसरं काम लावायचं आणि सकाळी मामांना सांगायचं, अशी पद्धत बसली. मामांच्या गोळ्या चालूच आहेत. त्यांचा रक्तदाब कारखान्यामुळेच होता असं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. मामी म्हणाल्या, झोप लागते आता, एवढं मला पुरेसं आहे.

आठ महिन्यांनी शिकलेल्या तिघांपैकी एक जण गोंदे भागातल्या मोठ्या कारखान्यात लागला. पगार इथल्यापेक्षा बराच जास्त. मालक मला फोन करून म्हणाले, "बघा, शिकवलं आणि गेला." मी त्यांना विचारलं, त्याने लिहिलेले तक्ते कुठे आहेत? रॅकवर होते. पाच डायचे. त्याच्या हस्ताक्षरात, खाली त्याचं नाव. मालकांचं दुःख मला कळतं. छोटा कारखाना मोठ्याशी पगारात कधीच बरोबरी करू शकत नाही, आणि शिकून माणूस जाणार हे गृहीत धरूनच चालावं लागतं. पण न शिकवता ठेवलेला माणूसही जातोच, आणि जाताना मागे काहीच ठेवून जात नाही. मालकांनी त्या पोराला निरोपाचा नारळ दिला. तो अजून दसऱ्याला प्रेसची पूजा असते तेव्हा येतो.

पुढच्या पौषात मामा सिन्नरहून चालत निघाले ते त्र्यंबकला पोचले. सातपूरला मालक आणि वहिनी दिंडीला चहा घेऊन रस्त्याच्या कडेला उभे होते. मामांचा फोन त्यांच्या पिशवीत होता. त्यावर कारखान्यातून एक फोन येऊन गेला होता, तो त्यांनी द्वादशीला बघितला. सुरगाण्याच्या पोराचा होता. उलटा फोन केला तर तो म्हणाला, "काही नाही मामा, नवी कॉइल नरम आली होती, ते सांगायचं होतं."

राहिले मालक. बाणांच्या कागदावर त्यांच्याकडे जाणारे बाण फार नव्हते, कारण कामगार त्यांना विचारतच नाहीत. पण बाहेरचे सगळे बाण त्यांच्याच फोनमध्ये आहेत. कोणत्या खरेदी अधिकाऱ्याला कधी फोन केला की पैसे सुटतात, तांब्याचा भाव चढला तर कोणाकडे दर वाढवून मागायचा आणि कोणाकडे तोंडही उघडायचं नाही, कोणता नग तोट्यात जातो तरी सोडायचा नाही, हे फक्त त्यांना माहीत आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असं २००६ चा कायदा सांगतो. मालकांनी त्याचा आधार कधी घेतलेला नाही, कारण त्यांच्या मते एक पत्र पाठवलं की वीस वर्षांचं नातं जातं. खरंच जातं का, हे आजवर कोणी ताडून बघितलेलं नाही. हेही ज्ञान मामांच्या पट्टीसारखंच आहे, आणि त्यामागेही भीती आहे. वडिलांनी जोडलेली गिऱ्हाइकं आपल्या हातून निसटतील ही.

त्यांच्यासाठी तीन रकान्यांचा तक्ता मी ठेवून आले आहे. पायरी, खुबी, का. वहिनींनी दोन गिऱ्हाइकांच्या दराच्या बोलणीला सोबत बसायचं ठरवलंय, आणि मार्चअखेरची बिलं निघाली की तिसऱ्याचा दर त्या स्वतः काढणार आहेत. तोवर मालकांचा फोन जेवताना ताटाशेजारीच असतो.